देवीचा भुंगा

हिवरवाडीच्या देवळात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. पालीच्या बाजूनं बैलगाड्या आल्या होत्या, बीडहून दोन टांगे आले होते आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते शेजारच्या गोठ्याच्या धाब्यावर चढून बसले होते. सगळ्यांना एकच गोष्ट ऐकायची होती. भुंगा.

भुंगा म्हणजे देवीचा भुंगा. तो कुणी पाहिला नव्हता, पण दसऱ्यापासून दीड-दोन महिन्यांत निम्म्या जिल्ह्यानं ऐकला होता. चौरंगावर लुगडं नेसवलेली देवी, वर पितळी मुखवटा. समोर मोठी परात, परातीत तीर्थ. ज्याच्यावर आळ असेल त्यानं आंघोळ करून ओलेत्यानं यायचं, परातीत उभं राहायचं, उजवा हात मुखवट्याच्या कपाळाला लावायचा आणि सिदू भगत विचारील त्याचं उत्तर द्यायचं. खरं बोललं तर देवी गप्प. खोटं बोललं की आतून भुंगा गुणगुणायचा आणि डसायचा. असा डसायचा की चांगला गडी माणूस ओरडून मागं पडायचा. राधाकिशन वाण्याच्या मापाबद्दल तो पहिल्याच आठवड्यात गुणगुणला होता. राधाकिशननं देवळाला समई वाहिली, तेव्हापासून त्याच मापाबद्दल भुंग्याची काही तक्रार उरली नव्हती.

सिदू भगत चौरंगाच्या बाजूला पाटावर मांडी घालून डुलत होता. दसऱ्याच्या आधी हाच सिदू लोकांची ढोरं राखायचा. आता कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि आवाज तर असा, की वेशीबाहेरची कुत्री उठून बसावीत.

"हितं वकील न्हाई! मुन्सफ न्हाई! पेशकार न्हाई! हे आईचं कोर्ट हाय! तारीख न्हाई, इश्टांप न्हाई! हात ठिवा आन् उभ्या उभ्या निकाल घ्या!"

"आई राजा उदो उदो!" गर्दी म्हणाली.

आज आळ छबुबाईवर होता. छबुबाई गावची सुईण. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. दिवाळीनंतर गावात डांग्या खोकल्याची साथ आली आणि तीन तान्ही लेकरं गेली. तिसरं लेकरू अर्जुनराव देशमुखांचा नातू. तिन्ही लेकरांना छबुबाईनंच न्हाऊमाखू घातलं होतं, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. जी बावीस लेकरं जगली त्यांनाही तिनंच न्हाऊ घातलं होतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिचा आणखी एक गुन्हा होता. खोकणाऱ्या लेकरांच्या जिभेवर सिदूचा अंगारा टाकायची रीत गावात पडली होती. छबुबाईनं दोन घरांतून तो अंगारा उंबऱ्याबाहेर फेकला आणि म्हणाली, "लेकराला दम घ्याया येईना, आन् तुमी त्याच्या घशात राख कोंबता?" हे सिदूच्या कानावर गेलं. आठ दिवसांत देवी सिदूच्या अंगात आली आणि गावातल्या एका बाईची नजर लेकरं खाते, असं सांगून गेली.

भुंगा वाजला तर सूर्य डोक्यावर यायच्या आत छबुबाईनं गाव सोडायचं, असं पंचांनी ठरवलं होतं.

ती आली. अंगावरचं लुगडं निथळत होतं. थंडीनं दात वाजत होते, पण मान ताठ होती. परातीत उभी राहिली आणि कुणी सांगायच्या आत तिनंच मुखवट्यावर हात ठेवला.

"नाव सांग!"

"छबुबाई. ठाऊक न्हाई का तुला? तुजी नाळ मीच कापली."

दोघंचौघं हसले. देवी गप्प राहिली.

"गाव कोन्तं?"

"हेच."

देवी गप्प. सिदू डुलता डुलता थांबला. "आता सांग. देशमुखांचं लेकरू तू खाल्लंस का न्हाई?"

"न्हाई! देवाशपथ न्हा..."

तेवढ्यात मुखवट्याच्या आतून तो आवाज उठला. चिरका, भरभर थरथरणारा. छबुबाईचा हात मुखवट्याला चिकटल्यासारखा झाला, तोंड वाकडं झालं आणि ती परातीसकट खाली कोसळली. पाणी पसरलं. बायका किंचाळल्या. धाब्यावरच्या एकानं शिट्टी मारली. एवढं दुःख समोर चाललेलं असताना शिट्टी मारणारं माणूस प्रत्येक गर्दीत असतं.

अर्जुनरावांच्या मागं त्यांचा मोटारमिस्त्री रामकिसन उभा होता. दोन महिन्यांत तो देवळात आज पहिल्यांदाच आला होता, पण तो ओरडला नाही. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा: सेल उतरलेत, म्हणून आवाज चिरका येतोय.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं: देवळात सेल कुठून आले?

रामकिसन मूळचा घाटनांदूरचा. हैदराबादेत एका नवाबाच्या मोटारखान्यात सहा वर्षं उस्तादाच्या हाताखाली राबून तो मिस्त्री झाला होता. विलायतेतली मोठी लढाई संपल्यावर अर्जुनरावांनी जुनी काळी अमेरिकन मोटार घेतली आणि तिच्याबरोबर हा मिस्त्रीही आणला. त्या मोटारीत ठिणगी पाडणाऱ्या चार लाकडी पेट्या होत्या, एकेक अर्ध्या विटेएवढी. पेटीत तारेची गुंडाळी, माथ्यावर लोखंडाची एक पत्ती. वीज आत गेली की पत्ती थरथरते, तिचा गुणगुण आवाज येतो आणि चार सेलांची मवाळ वीज हजारपट जहाल होऊन बाहेर पडते. आईला लेकराचा आवाज ओळखू यावा तसा रामकिसनला त्या पेट्यांचा आवाज ओळखू यायचा.

तो पुढं वाकून अर्जुनरावांच्या कानाशी लागला. "सरकार, ह्यो भुंगा न्हाई. ह्यो आवाज आपल्या मोटारीतल्या पेटीचा वाटतोय."

अर्जुनराव वळले. नातू जाऊन अकरा दिवस झाले होते आणि ते अकराही दिवस त्यांच्या डोळ्यांत दिसत होते.

"वाटतोय का हाय?"

त्या क्षणी रामकिसननं फक्त "हाय" म्हणायचं होतं. दोन पावलं पुढं जाऊन चौरंगावरचं लुगडं ओढायचं होतं. एवढंच. पण तो पडला मिस्त्री. पेटी उघडून बघितल्याशिवाय बिघाड सांगायचा नाही, ही सवय सहा वर्षं मुस्काडात खाऊन अंगात मुरलेली. शिवाय समोर दीडएक हजार माणूस. तो म्हणाला, "मोटार उघडून बघाया पायजे, सरकार."

"मंग बघून ये," अर्जुनराव म्हणाले. "पक्कं कर. आन् मगच बोल."

रामकिसन पळत वाड्यामागच्या छपरात गेला. जालन्याहून पेट्रोलचे डबे आले नव्हते म्हणून मोटार खंडेनवमीपासून घोंगडीखाली उभीच होती. त्यानं घोंगडी ओढली, झाकण उचललं आणि थेट पेट्यांकडं हात न्यायचा सोडून तो प्लग खोलू लागला.

उस्तादांचा नेम होता. "पैले प्लग, बाद में तार, उसके बाद टायमर. पेटी सबसे आख़िर." बाहेरून आत जायचं, एकही पायरी गाळायची नाही. नेम चांगलाच आहे. गाडी बंद पडली असेल तर त्यासारखा नेम नाही. पण इथं गाडी बंद पडली नव्हती, एका बाईचा जन्म उलटापालटा होत होता. तरी रामकिसननं पहिला प्लग काढला, चिनीमाती तडकली आहे का बघितलं, टोकांमधली फट नखानं मापली, काजळी पुसली. मग दुसरा. मग तिसरा. माणूस घाबरला की शिस्तीच्या आड लपतो, आणि लपलाय हे त्याचं त्यालाही कळत नाही.

चारी प्लग ठीक होते. त्यानं तारा हातातून सरकवत नेल्या, रबर कुठं चिरलंय का ते चाचपलं. पेट्यांना आळीपाळीनं वीज पुरवणाऱ्या टायमरची वाटी काढली, आतली फिरकी बोटानं फिरवून बघितली, घट्ट झालेलं तेल रॉकेलनं धुतलं. एवढं करेपर्यंत तासाच्या वर गेला. मग त्यानं पुढं जाऊन हँडल हळूहळू फिरवलं.

पहिली पेटी गुणगुणली. दुसरी गुणगुणली. तिसरी गुणगुणली. चौथीच्या वेळी काहीच आवाज आला नाही.

त्यानं पेट्यांचं झाकण उघडलं. चौथ्या खणात बाभळीच्या लाकडाचा ठोकळा होता. मापात तासलेला, खण खुळखुळू नये असा नीट बसवलेला.

रामकिसन खालीच बसला. त्याला खंडेनवमी आठवली. त्या दिवशी घरोघर हत्यारं-अवजारं पुजतात. सुतार करवत मांडतो, कुणबी नांगर मांडतो. रामकिसननं मोटारीचे भाग काढून, पुसून, ताडपत्रीवर मांडले होते. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बघायला गाव जमलं होतं. त्यानं गावाला एकेक भाग समजावून सांगितला, आणि सांगता सांगता त्याला थट्टेची लहर आली. एक पेटी सेलांना जोडून त्यानं सिदूला म्हटलं, "धर बे, परसाद हाय." सिदू ओरडून उताणा पडला होता. सगळं गाव पोट धरून हसलं. सिदू हसला नव्हता. तो उठला आणि पेटीकडं बराच वेळ बघत राहिला. रामकिसननं त्याच दिवशी जुने सेल बदलून उकिरड्यावर टाकले होते. उतरलेला सेल चार दिवस पडून राहिला की पुन्हा थोडा जीव धरतो, हेही मोठ्या तोऱ्यात त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं.

ज्ञान द्यायचं सोडून मी खेळ दाखवला, त्याच्या मनात आलं. त्याला स्वतःची लाज वाटली. ठोकळा हातात घेऊन तो देवळाकडं धावत सुटला.

छबुबाई गेली होती. पंचांनी सूर्य डोक्यावर यायचीही वाट पाहिली नव्हती. ओल्या लुगड्यावरच तिला वेशीबाहेर घातलं, मागून दोन-चार ढेकळंही गेली. गर्दी मात्र होती तिथंच होती, कारण आता आरती आणि खिचडी होती.

"थांबा!" रामकिसन गर्दीतून घुसत ओरडला. "ही मोटारीची पेटी हाय! सिदूनं चोरली!"

त्यानं कुणी अडवायच्या आत चौरंगावरचं लुगडं ओढलं. खाली उघडीवाघडी होती ती शिसवी पेटी, शेजारी दोरीनं बांधलेले चार सेल. पेटीची एक तार मुखवट्याला गेलेली, दुसरी गोणपाटाखालून परातीला. आणि सेलांच्या दोन तारा सिदूच्या पाटाखाली. रामकिसननं सिदूला बकोटीला धरून उठवलं आणि पाट उलटा केला. पाटाखाली तांब्याचे दोन पैसे, एकावर एक, मधे कडेला मक्याच्या पानाची फुगीर घडी, दोघांना अलग ठेवणारी. सिदूनं डुलता डुलता भार पुढं टाकला की पाट कलायचा, पैसे एकमेकांना टेकायचे आणि भुंगा जागा व्हायचा. मागं झुकला की झोपायचा.

"बघा!" रामकिसन म्हणाला. "खऱ्याखोट्याचा संबंध न्हाई. पाटावरचा माणूस ठरवतो. मी करून दावतो."

त्यानं पाट पुन्हा पैशांवर सरळ ठेवला. रामकिसन परातीतल्या उरल्यासुरल्या पाण्यात उभा राहिला. डावा हात मुखवट्यावर ठेवला, उजव्या हातात काठी घेऊन तिचं टोक पाटावर टेकवलं.

"आता मी खरं बोलतो. माजं नाव रामकिसन. माज्या बापाचं नाव सुंदरराव." आणि त्यानं काठी दाबली.

भुंगा गुणगुणला. रामकिसनचा हात खांद्यापर्यंत ताडकन उडाला, डोळ्यांत पाणी आलं. "बघितलं? खरं बोललो तरी डसला!"

तो अपेक्षेनं गर्दीकडं बघत होता. गर्दी एकमेकांकडं बघत होती. पुढं बसलेले म्हातारे आप्पा पाटील दबल्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाले, "म्हंजे सुंदरराव याचा बाप न्हाई?"

"आप्पा, तसं न्हाई! ऐका! आता खोटं बोलतो, काठी न दाबता. मी हैदराबादचा नवाब हाय!"

भुंगा गप्प राहिला.

देवळात कुजबुज पसरली. आप्पांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! म्हंजे नवाबाचाच! तरीच म्हनलं, त्याच्याच मोटारखान्यात याला कामाला कावून ठिवलं!"

"आन् रंगबी लई उजळ हाय," कुणीतरी पुस्ती जोडली.

रामकिसनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची आई विमलबाई घाटनांदूरला शेण्या थापून, दळण दळून जगत होती. जन्मात तिनं हैदराबाद पाहिलं नव्हतं. तिची अब्रू त्यानं पुराव्यासकट भर देवळात मांडून ठेवली होती. तो ओरडून सांगू लागला, पुन्हा पैसे दाखवू लागला, तारा दाखवू लागला. जितकं सांगावं तितकी लोकांची नजर कीव करणारी होत गेली. कुणी तरी या पाटावर बसून बघा, मुखवट्यावर मी हात ठेवतो, असं त्यानं विनवलं. एकही माणूस पुढं आला नाही. देवीच्या पाटावर कोण बसणार?

एवढ्यात सिदू सावरला होता. चोर पकडला गेला की घाबरतो, पण भगत पकडला गेला की त्याला साक्षात्कार होतो.

"आई! आई गं!" तो घुमू लागला. "म्या कवा म्हनलं भुंगा माजा हाय? सपनात आईच म्हनली, सिदू, माजा भुंगा मोटारीत अडकलाय, मला आनून दे! खंडेनवमीला ह्याच मिस्त्रीनं नारळ फोडून माजी आई मोटारीत जागी केली का न्हाई? सांगा! केली का न्हाई?"

"केली! केली!" गर्दी म्हणाली, कारण नारळ फुटलेला सगळ्यांनी बघितला होता. गर्दीला मोकळं वाटलं. ज्या लोकांनी तासाभरापूर्वी एका बाईवर ढेकळं मारली होती त्यांना ती ढेकळं चुकीची ठरायला नको होती.

अर्जुनराव तेवढे उठले. पुढं येऊन त्यांनी पेटी उचलली, उलटीपालटी करून बघितली. तिच्यावरचं हळदीचं बोट अजून पुसलं गेलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं.

"रामकिसन, समजा तू म्हंतो तसंच हाय. मंग माजा नातू कशानं गेला?"

"खोकल्यानं, सरकार."

"गावात पंचवीस लेकरांना खोकला झाला. बावीस वाचली. मंग माजाच कावून गेला?"

 रामकिसनला प्लगची फट मापता येत होती, पेटीची पत्ती सुधारता येत होती. हे कुठल्याच उस्तादानं शिकवलं नव्हतं.  अर्जुनरावांनी पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुला यायला येळ झाला." तेवढं बोलून ते वाड्याकडं चालू लागले. त्यांनी छबुबाईला परत आणा असं म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर नातवाच्या मरणाचा दोष दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागला असता, आणि तो नेमका कुणाला द्यायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीपुढं बायकांची रांग लागली. चाकाला कुंकू, दिव्यांना हार. सिदू पायदानावर बसून अंगारा वाटत होता.

रामकिसननं गळ्यातली मोटारीची किल्ली काढून वाड्याच्या ओसरीवर ठेवली. देवळातली पेटी, तारा आणि चार सेल मात्र पिशवीत घातले. बाकीच्या तीन मोटारीतच होत्या, पण ही तरी पुन्हा गावाच्या हाती लागू द्यायची नव्हती. तो कपिलधारच्या वाटेला लागला. छबुबाई तिकडं गेलीय, असं एका गुराख्यानं सांगितलं होतं.

ती धर्मशाळेच्या पडवीत पत्रावळी लावत बसली होती. डाव्या हातानं. उजवा हात पदरात गुंडाळलेला. रामकिसनला वाटलं, हात भाजलाय की काय. तेवढ्यात दर्शनाला निघालेली एक लेकुरवाळी बाई तिच्यापाशी आली आणि म्हणाली, "मावशी, जरा धरता का पोराला? वर पायऱ्या निसरड्या हायेत." छबुबाई बसल्या जागी मागं सरकली, भिंतीला टेकली. "न्हाई गं बाई. माज्याकडं नको. माज्याकडं नको देऊ."

बाई चकित होऊन निघून गेली. रामकिसन समोर बसला.

"मावशी, हात दुखतोय का?"

"हात बरा हाय." ती त्याच्याकडं बघत नव्हती. "पर आता ह्या हातानं लेकराला शिवायचं न्हाई मला. मिस्त्री, मला वाटायचं मी काय केलं न्हाई. पर आई डसली. आईला कळत आसंल ना? माज्या मनाला ठाव नसताना माज्या नजरेनं खाल्लं आसंल. रातभर तेच आठवतेय, कुनाकडं कवा कसं बघितलं मी."

रामकिसनला रडू फुटलं. गाव फसलं होतं, अर्जुनराव पाठ फिरवून गेले होते, हे सगळं त्यानं गिळलं होतं. पण जिचा काडीचाही दोष नाही ती स्वतःविरुद्ध साक्ष देत बसलीय, हे त्याला सोसेना. त्यानं पिशवीतून पेटी काढली, सेल काढले, तारा जोडल्या. दोन तारांना बांधलेले दोन पैसे तिच्यासमोर फरशीवर ठेवले.

"हीच ती आई. मोटारीतली. हात लावू नका. हे पैसे फकस्त काडीनं एकमेकांना टेकवा."

"नको रे बाबा."

"टेकवा, मावशी. डसंल तर मला डसंल."

त्यानं पेटीच्या उरलेल्या दोन तारांची टोकं दोन हातांत धरली. छबुबाईनं काडी उचलली, पैसा ढकलला. पेटी गुणगुणली आणि रामकिसन बसल्या जागी उडाला. तिनं घाबरून काडी टाकली.

"काय खोटं बोललात तुमी?"

"काईच बोललो न्हाई. तुमी टेकवलं म्हनून डसलं. पुन्हा करा. आता मी खरं बोलतो. लेकरं डांग्या खोकल्यानं गेली."

ती थांबली. मग तिनं पैसा टेकवला. त्याचे हात आखडले. तिनं काडी काढली. आता तिनं स्वतःच विचारलं, "आन् मी न्हाई टेकवलं तर?"

"मंग मी काय बी बोलतो. दिवसा चांदण्या दिसतात. कपिलधारला समिंदर हाय."

पेटी गप्प. छबुबाईनं एकदा पैशांकडं बघितलं, एकदा आपल्या हातातल्या काडीकडं. चार-पाच वेळा तिनं टेकवलं आणि काढलं. रामकिसन दरवेळी उडत होता आणि दरवेळी हसतही होता. मग तिनं काडी खाली ठेवली आणि पदरात गुंडाळलेला हात बाहेर काढून मांडीवर उघडा ठेवला.

"म्हंजे हे सिदूनं केलं. मी न्हाई."

"तुमी न्हाई, मावशी."

छबुबाईनं विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"आवाज आल्याबरूबर."

"म्हंजे मी परातीत पडले तवाच?"

"व्हय."

"मंग तवाच कावून न्हाई बोललात?"

"पेटी उघडून बघायची व्हती," रामकिसन म्हणाला. ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. छबुबाई रागावली नाही. तिनं पुन्हा पत्रावळी पुढं ओढली आणि दोन्ही हातांनी लावायला लागली. हिवरवाडीला ती पुन्हा कधी गेली नाही. तिला कुणी न्यायलाही आलं नाही.

पुढच्या थंडीत हिवरवाडीत पुन्हा डांग्या खोकला आला आणि सात लेकरं गेली. छबुबाई तेव्हा तिथून आठ कोसांवर होती. तिनं त्यातल्या एकालाही न्हाऊ घातलं नव्हतं, एकाकडं बघितलंही नव्हतं. घशात राख मात्र सातही लेकरांच्या गेली होती. गाव म्हणालं, तिनं लांबून केलं.

वाचकहो, पेटीची यंत्रविद्या तुम्ही विसरलात तरी चालेल. एवढं मात्र विसरू नका. कुठलाही देव कुणाला दोषी ठरवू लागला तर देवाकडं बघू नका, शेजारी बसलेल्या माणसाच्या पाटाखाली बघा. एक बाई लेकरं खाते असं कुणी म्हटलं तर विचारा, ती नव्हती तेव्हा किती लेकरं गेली? आणि तुम्हाला आवाज ओळखू आला असेल तर तिथंच, त्याच वेळी, होईल तेवढ्या मोठ्यानं सांगा. रामकिसननं पेटी पूर्ण तपासली होती. त्याचं निदान तंतोतंत बरोबर होतं. ते फक्त तासाभरानं आलं.